प्रवासी ट्रेलर व त्याचे कर्षक वाहन

राहण्याची, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेले, स्वतःचे एंजिन नसलेले आणि दुसऱ्या मोटारवाहनामागे जोडून ओढून नेले जाणारे चाकांवरील घर म्हणजे प्रवासी ट्रेलर होय. ब्रिटनमध्ये त्यास कॅराव्हॅन हे नाव रूढ आहे. ट्रेलर ओढणाऱ्या वाहनास कर्षक वाहन म्हणता येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात हे काम मुख्यत्वे पिकअपकडे, म्हणजे पुढे बंदिस्त कक्ष व मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालमोटारीकडे, आले. कर्षक वाहन घेताना ते किती वजन ओढू शकते, हाच प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. या वाहनांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. ओढणे हे यातले सर्वांत सोपे काम आहे. ट्रेलरचा भार पेलणे, त्याला सरळ रेषेत राखणे व वेळीच थांबविणे ही अवघड कामे होत. त्यांची विश्वसनीय मापे सामान्य ग्राहकाच्या हाती येण्यास फार काळ लागला.

इतिहास : हौसेखातर चाकांवरील घरातून प्रवास करण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घरगाडी खास बनवून घेतली व ती दोन घोड्यांकडून ओढवीत इंग्लंडमधून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. गाडीचे वजन सु. दोन टन होते. १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लबाची स्थापना झाली, तेव्हाही सभासदांच्या गाड्या घोड्यांच्याच होत्या. घोड्यांची चाल मंद असल्यामुळे चढावरील दमछाक आणि उतारावरील रेटा यांपलीकडे अडचणी उद्‌भवत नसत. मोटारीच्या वेगाने मात्र पुढील साऱ्या समस्या जन्माला घातल्या.

अमेरिकेत मोटारीमागे ट्रेलर जोडण्याची सुरुवातही सहलीच्याच निमित्ताने झाली, हे नमूद करण्याजोगे आहे. १९१४ मध्ये डिट्रॉइट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे लाकडाच्या एका व्यापाऱ्याने, आपली नौका फोर्ड मोटारीमागून सुटीच्या ठिकाणी नेता यावी, अशी गाडी करून मागितली. फ्रूहॉफ यांनी केलेल्या त्या गाडीचा पुढचा भाग मोटारीवर टेकत असे व मागचा स्वतःच्या चाकांवर चाले. पुढे अवजड मालवाहतुकीत सर्वत्र वापरात आलेल्या अर्ध-ट्रेलरांचा उगम या गाडीत आहे. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२० नंतरच्या दशकात फ्लॉरिडात ‘एअरोकार’ नावाचे ऐषारामी ट्रेलर बनविले. ट्रेलरचा जोड त्यांनी मोटारीच्या मागच्या कडेला न ठेवता मागील चाकांच्या आसाजवळ आणला आणि तेथे हवा भरलेला एक टायर आडवा बसवून धक्के शोषून घेण्याची योजना केली. आसाच्या मागे लोंबणारा जोड अस्थिर असतो, हे विमानकर्त्या कर्टिस यांच्या नजरेने हेरले होते. ट्रेलर बांधणाऱ्या इतरांनी या तत्त्वाकडे पुढची चाळीसएक वर्षे फारसे लक्ष दिले नाही.

ट्रेलरांचा खरा धंदा महामंदीच्या काळात उभा राहिला. आर्थर शर्मन या सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये कुटुंबासाठी तंबूचा घडीचा ट्रेलर घेतला. तो पावसात उभारताना झालेल्या त्रासामुळे त्यांनी कठीण भिंतींचा पेटीसारखा ट्रेलर करविला आणि १९३० च्या डिट्रॉइट मोटार प्रदर्शनात मांडला. त्यांची ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनी काही वर्षांतच देशातील सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. लिंडबर्ग यांच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लूइस’ या विमानाच्या बांधणीवर देखरेख केलेले हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा, रिव्हेट ठोकून जोडलेला निमुळता ट्रेलर तयार केला. त्याच धर्तीवर वॉली बायम यांनी १९३६ मध्ये ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. त्या काळच्या मोटारींची एंजिने आजच्या मानाने अगदीच दुबळी होती व तरीही त्या हे ट्रेलर ओढीत. याचे कारण ट्रेलर हलके होते व रस्त्यांवरील वेग कमी होता. अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी तर वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरांत राहू लागेल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही, पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत अनेक कुटुंबे ट्रेलरांतच राहिली. १९५४ च्या सुमारास दहा फूट रुंदीचे ट्रेलर निघाले आणि कायम वास्तव्याचे ‘फिरते घर’ व सहलीचा प्रवासी ट्रेलर अशा दोन शाखा वेगळ्या झाल्या.

युद्धोत्तर काळातील एअरस्ट्रीमची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. १९४७ मध्ये काढलेल्या या छायाचित्रात अल्फ्रेड लेतूर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकलला जोडलेला पूर्ण आकाराचा ट्रेलर ओढताना दिसतो. ट्रेलर हलका आहे, हे ग्राहकास पटवावे हा जाहिरातीचा हेतू. त्यात खोटे काही नव्हते; सपाट रस्त्यावर चांगल्या धारव्यांवर फिरणारी चाके हलविण्यास फारच थोडे बळ पुरते. परंतु त्या सायकलला तो ट्रेलर उतारावर थांबविता आला नसता, की बाजूच्या वाऱ्याचा झोत आल्यावर सांभाळता आला नसता. २०१२ मध्ये लॉस अँजेल्स येथे ‘एंडेव्हर’ हे निवृत्त अवकाशयान संग्रहालयाकडे नेताना एका पुलावरून ते टोयोटाच्या टंड्रा पिकअपने ओढून नेले. यान व त्याखालील चाकांचा गाडा मिळून वजन शंभर टनांहून अधिक होते. याही वेळी सारा भार गाड्याच्या स्वतःच्या चाकांवर होता आणि वेग माणसाच्या चालीइतका होता. पासष्ट वर्षांच्या अंतराने केलेल्या या दोन जाहिरातींत प्रेक्षकाचे लक्ष एकाच चुकीच्या गोष्टीकडे वळविलेले आहे.

दांडीवरील भार : प्रवासी ट्रेलरची चाके साधारणतः त्याच्या मध्याच्या किंचित मागे असतात, त्यामुळे वजनाचा काही भाग पुढील दांडीवाटे कर्षक वाहनावर टेकतो. हा भार का हवा, हे बैलगाडी हाकणाऱ्यास सांगावे लागत नाही. गाडीत माल मागच्या बाजूस अधिक भरला, तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते आणि बैलांचा गाडीवरील ताबा सुटतो. माल फार पुढे भरला, तर बैलांच्या मानेवर ओझे पडते. ट्रेलरचेही असेच आहे. अमेरिकी प्रघातानुसार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा लागतो. तो याहून कमी असल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो; अधिक असल्यास कर्षक वाहनाचा मागचा भाग दबतो.

जोडाचा गोलक मागील आसाच्या बराच मागे असल्यामुळे हा भार तरफेप्रमाणे काम करतो. उदा., पुढील व मागील आसांमध्ये ३·७ मी. अंतर असलेल्या पिकअपच्या मागील आसापासून १·६ मी. मागे ४०० किग्रॅ. भार टेकला, तर मागील चाकांवर ४०० नव्हे, तर सु. ५७३ किग्रॅ. वाढतात आणि पुढील चाकांवरून सु. १७३ किग्रॅ. उचलले जातात. वाहनाची दिशा पुढील चाके ठरवितात व गतिरोधकांचे (ब्रेकचे) बहुतांश काम तीच करतात. नेमका त्यांच्यावरील भार कमी होणे हे धोक्याचे असते. यावर उपाय म्हणून १९५० नंतरच्या दशकात भार-वितरक जोड प्रचारात आला. त्यात जोडाच्या दोन्ही बाजूंस ताणलेल्या पोलादी स्प्रिंग-पट्ट्या असतात. त्या साखळ्यांनी ट्रेलरच्या दांडीस ओढून बांधल्या म्हणजे मागील आसावरील जादा भाराचा काही हिस्सा पुढील चाकांकडे व काही ट्रेलरच्या चाकांकडे परततो. या जोडाने भार वाटला जातो, नाहीसा होत नाही. मात्र ‘जोड चांगला बसविला म्हणजे कितीही मोठा ट्रेलर चालेल’ असा समज त्यातून पसरला व तो आजही ऐकू येतो.

वजनाचा विषय त्या काळी लोकांच्या किती परिचयाचा होता, याची साक्ष १९५४ सालचा ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ हा व्हिन्सेंट मिनेली दिग्दर्शित विनोदी चित्रपट देतो. त्यातील नववधू प्रवासात ठिकठिकाणचे दगड आठवण म्हणून गोळा करीत जाते आणि घाट चढण्यापूर्वी ते टाकून दे, असे पतीने बजावूनही लपवून ठेवते. घाटातील पुढच्या फजितीवर प्रेक्षक हसले. पण ट्रेलर बाळगणाऱ्या कुटुंबांना त्यात आपलीच कथा दिसली असावी. घरात वस्तू साठत जातात तशा त्या ट्रेलरमध्येही साठतात आणि कारखान्यातून निघताना लिहिलेले कोऱ्या ट्रेलरचे वजन पहिल्या सहलीनंतर खरे राहत नाही.

मोटारीकडून पिकअपकडे : १९७० पर्यंत अमेरिकेतील बहुतेक प्रवासी ट्रेलर पिकअप नव्हे, तर मोठ्या कौटुंबिक मोटारी व स्टेशन वॅगन ओढीत. या मोटारी वेगळ्या पोलादी सांगाड्यावर (चासीवर) बांधलेल्या, लांब व जड असत. पिकअप हे शेतकऱ्याचे व कारागिराचे वाहन मानले जाई. फोर्ड कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी ‘टी’ नमुन्याच्या मोटारीस कारखान्यातच मागे हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी ग्राहक नुसता सांगाडा घेत व हौदा सुताराकडून करून घेत. अर्धा टन, पाऊण टन व एक टन ही पिकअपच्या वर्गांची नावे हौद्यात नेण्याच्या मालावरून पडली. वाहने बदलली तरी नावे तशीच राहिली. आजच्या ‘अर्ध्या टना’च्या अनेक पिकअप पाऊण टनाहून अधिक भार वाहतात, त्यामुळे या नावांवरून क्षमतेचा काहीच बोध होत नाही.

पिकअपचा ट्रेलरशी संबंध दूरच्या प्रवासांतून दृढ झाला. बायम यांनी १९५१ पासून ट्रेलरांचे तांडे परदेशी नेण्यास सुरुवात केली. त्यांतील केपटाउन ते कैरो (१९५९-६०) हा सु. सात महिन्यांचा प्रवास विशेष गाजला. त्यात ४१ ट्रेलर होते. आफ्रिकेतील कच्च्या रस्त्यांवर शहरी मोटारींचा निभाव लागण्यासारखा नव्हता. तांड्यातील पिकअपांचा उंच सांगाडा व जाड पाटे तेथे उपयोगी पडले.

तरीही घराघरांतील बदल घडला तो साहसामुळे नव्हे, तर खनिज तेलाच्या टंचाईमुळे व कायद्यामुळे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये अमेरिकी संसदेने इंधन-बचतीचा कायदा केला आणि १९७८ पासून मोटारींना सरासरी इंधन-कार्यक्षमतेची अट लागू झाली. जनरल मोटर्सने १९७७ मध्येच आपल्या मोठ्या मोटारी सु. ३०० किग्रॅ. हलक्या केल्या होत्या. पुढील दशकात बहुतेक कौटुंबिक मोटारी सांगाड्याविना, पत्र्याच्या एकसंध कवचाच्या व पुढील चाकांनी चालणाऱ्या झाल्या. त्या इंधन वाचवीत. परंतु जड दांडीचा भार पेलू शकत नसत. हलक्या मालमोटारींसाठी मात्र नियम सौम्य होते. १९७५ मध्ये फोर्डने ‘एफ-१५०’ हा नमुना आणला, त्याचे कमाल एकूण वजन ६,००० पौंडांच्या (सु. २,७२० किग्रॅ.) किंचित वर ठेवले होते; त्याखालील वाहनांना लागू असलेल्या धूर-नियंत्रणाच्या अटी त्यामुळे टळल्या. डॉजने १९७३ मध्ये व फोर्डने १९७४ मध्ये कक्षामागे जादा जागा असलेले पिकअप काढले. मुलांना बसण्यास जागा मिळताच पिकअप कौटुंबिक वाहन झाले. सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या स्टेशन वॅगनांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. एका अर्थाने पिकअप निवडले गेले नाही; दुसरा पर्याय उरला नाही, म्हणून ते उरले.

पिकअपमुळे कर्टिस यांची जुनी कल्पनाही परत आली. हौद्यात, मागील आसाच्या वर किंवा किंचित पुढे जोड बसवून ओढावयाचे ‘पंचम चक्र’ ट्रेलर १९७० च्या सुमारास लोकप्रिय होऊ लागले. त्यांत आसामागील तरफ नाहीशी होते, पुढील चाके उचलली जात नाहीत व ट्रेलरचे हेलकावे वाहनास वळवू शकत नाहीत. मात्र अशा ट्रेलरच्या वजनाचा सु. १५ ते २५ टक्के भाग पिकअपवर येतो. स्थैर्य मिळते, त्याची किंमत भाराच्या रूपाने द्यावी लागते. यासाठी पाऊण व एक टनी वर्गाची डीझेल पिकअप वापरण्याचा प्रघात पडला. १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्स कंपनीचे डीझेल एंजिन आले, तेव्हापासून या वर्गात चढाओढ वाढत गेली.

डोलणे व थांबणे : मागे लोंबणाऱ्या जोडावर ओढलेला ट्रेलर हा एक लंबकच असतो. वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेली मोठी मालमोटार किंवा चालकाचा हिसका यांनी तो डोलू लागतो. मंद वेगात टायरांच्या पकडीमुळे हे दोलन आपोआप विरते. वेग वाढतो तसे विरण्याचे प्रमाण घटते आणि एका विशिष्ट वेगानंतर प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होत जातो. या वेगास क्रांतिक वेग म्हणतात. त्यापलीकडे चालकाचे कौशल्य फारसे कामी येत नाही. उलट सुकाणू चक्राने हेलकावे सावरण्याचा प्रयत्न त्यांना बळच देतो. वेग उतरविणे व ट्रेलरचे गतिरोधक स्वतंत्रपणे लावता येत असल्यास तेवढेच लावणे, हाच मार्ग उरतो. क्रांतिक वेग ट्रेलरच्या वजनापेक्षाही वजनाच्या मांडणीवर अवलंबून असतो. पाण्याची टाकी पुढच्या टोकास व सायकली मागच्या टोकास अशी मांडणी केल्यास दांडीवरील भार बरोबर येतो, पण दोन्ही टोकांच्या जडपणामुळे सुरू झालेला हेलकावा थांबणे कठीण होते. लांब व जड कर्षक वाहन, मागील आसाजवळचा जोड, ताठ बाजूंचे टायर आणि ट्रेलरच्या चाकांजवळ ठेवलेले जड सामान यांनी क्रांतिक वेग वाढतो. पिकअपची खरी उपयुक्तता एंजिनापेक्षा येथे आहे. परंतु मऊ टायरांचे, आखूड व उंच पिकअप घेतल्यास तीही गमावली जाते.

थांबण्याचे गणित आणखी सरळ आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किमी. ऐवजी १०५ किमी. वेगाने जाणाऱ्या जोडगाडीस थांबविण्यासाठी सु. पाऊणेदोन पट ऊर्जा शोषावी लागते. म्हणून अमेरिकेतील अनेक राज्यांत ३,००० पौंडांहून (सु. १,३६० किग्रॅ.) जड ट्रेलरास स्वतःचे गतिरोधक असणे बंधनकारक आहे. प्रवासी ट्रेलरांत ते विजेवर चालतात व त्यांचे नियंत्रण चालकाजवळील पेटीतून होते. पूर्वी ही पेटी मालकाने बाजारातून आणून बसवावयाची असे. २००५ मध्ये फोर्डने जड पिकअपांत ती कारखान्यातच बसविण्यास प्रारंभ केला. वाहन घसरू लागताच निरनिराळ्या चाकांचे गतिरोधक आपोआप लावणारी इलेक्ट्रॉनीय स्थैर्य-नियंत्रण यंत्रणा २०१२ च्या नमुन्यांपासून अमेरिकेतील सर्व हलक्या वाहनांना सक्तीची झाली. तिचाच उपयोग करून ट्रेलरचे डोलणे ओळखणाऱ्या व आवरणाऱ्या योजना अनेक पिकअपांत आल्या. या योजना उपकारक आहेत; चुकीच्या भारणीस त्या पर्याय नाहीत.

क्षमतेचे आकडे : वाहन किती वजन ओढू शकते हा आकडा दीर्घकाळ प्रत्येक उत्पादक स्वतःच ठरवीत असे. जोडांचे वर्ग ठरविणारी मानके होती, उदा., पहिल्या वर्गाचा जोड २,००० पौंडांपर्यंत, तिसऱ्या वर्गाचा ५,००० पौंडांपर्यंत. पण संपूर्ण वाहनाची परीक्षा कोणत्या चढावर, कोणत्या उष्णतेत, किती वेगाने घ्यावी याबद्दल एकवाक्यता नव्हती. जाहिरातींत तर प्रतिस्पर्ध्यापेक्षा शंभर-दोनशे पौंड अधिक लिहिण्याची अहमहमिका चाले. हे आकडे वाचून लोक आपल्या मुलाबाळांसह डोंगर चढत होते, हे लक्षात घेता ही स्थिती इतकी वर्षे कशी चालली याचे आश्चर्य वाटते.

वाहन अभियंत्यांच्या अमेरिकेतील संस्थेने (एसएई) २००८ मध्ये ‘जे-२८०७’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील एक परीक्षा ॲरिझोना राज्यातील डेव्हिस धरणाजवळच्या महामार्गाची आहे. कोलोरॅडो नदीच्या काठापासून सु. १८ किमी. अंतरात हा रस्ता सु. ९०० मी. चढतो. हवेचे तापमान किमान ३८° से. असताना, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, जोडगाडीने तो ताशी ६४ किमी. पेक्षा कमी न होणाऱ्या वेगाने चढून जावयाचा असतो (मागे दुहेरी चाके असलेल्या पिकअपांना थोडी सवलत आहे). शिवाय १२ टक्के चढावर पुढे व मागे, ५ मिनिटांत प्रत्येकी ५ वेळा, उभ्या स्थितीतून निघणे. सपाटीवर ३० सेकंदांत ताशी सु. ९७ किमी. वेग गाठणे, हातगतिरोधकावर चढात उभे राहणे, ट्रेलरच्या हेलकाव्यांचे अवमंदन इ. कसोट्या त्यात आहेत.

मानक ऐच्छिक होते. टोयोटाने २०११ च्या नमुन्यांना ते प्रथम लावले व आपल्या पिकअपांचे जाहीर आकडे खाली आणले. इतर उत्पादकांनी, प्रतिस्पर्ध्याचा आकडा उतरल्याशिवाय आपला का उतरवावा, या विचाराने बराच काळ वाट पाहिली. २०१५ च्या नमुन्यांपर्यंत अर्ध्या टनाच्या प्रमुख पिकअपांना ते लागू झाले. त्याच वर्षी फोर्डने एफ-१५० चे कवच ॲल्युमिनियमचे करून वजन घटविले आणि त्याची कमाल कर्षण क्षमता १२,२०० पौंड (सु. ५,५३० किग्रॅ.) जाहीर केली. २०२१ मध्ये ती १४,००० पौंडांवर गेली. असे कमाल आकडे विशिष्ट कक्ष, विशिष्ट एंजिन व विशिष्ट गियर-प्रमाण असलेल्या एखाद्याच रचनेस लागू असतात. विक्रीच्या दालनात उभ्या असलेल्या वाहनास ते क्वचितच लागू पडतात.

मानकातही काही गृहीते आहेत. वाहनात प्रत्येकी १५० पौंडांच्या (सु. ६८ किग्रॅ.) दोन व्यक्ती धरल्या जातात व दांडीवर ट्रेलरच्या वजनाच्या १० टक्के भार धरला जातो. सहलीस निघालेल्या कुटुंबात मुले, कुत्रा, शीतपेटी, सरपण व कधी हौद्यात वीजजनित्रही असते. म्हणून खरेदीदाराने कर्षण क्षमतेपूर्वी वहन क्षमता पाहावी लागते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर, माणसे व सामान मिळून किती वजन ओलांडू नये, याचा आकडा त्या विशिष्ट वाहनासाठी छापलेला असतो. सदोष टायरांमुळे झालेल्या अपघातांनंतर अमेरिकी संसदेने २००० मध्ये केलेल्या कायद्याच्या अनुषंगाने ही पट्टी सध्याच्या रूपात आली. ट्रेलरधारकांस तिचा लाभ अनायासे झाला.

नमुन्यादाखल पुढील हिशेब पाहता येईल. भरलेला ट्रेलर ३,२०० किग्रॅ. असून दांडीवर त्याच्या १३ टक्के, म्हणजे ४१६ किग्रॅ. भार आहे. जोडाची सामग्री ४० किग्रॅ., चार माणसे २८० किग्रॅ. व हौद्यातील सामान १०० किग्रॅ. धरले, तर पिकअपवर एकूण ८३६ किग्रॅ. येतात. पट्टीवरील आकडा ७०० किग्रॅ. असल्यास, पुस्तिकेत कर्षण क्षमता ४,५०० किग्रॅ. लिहिलेली असली, तरी हे वाहन या ट्रेलरास अपुरे आहे. ट्रेलर कर्षण मर्यादेच्या बराच आत असूनही पाटे, मागील आस व टायर यांवरील भार मर्यादेबाहेर गेलेला आहे. यात एक विपरीत गोष्ट अशी की, एकाच नमुन्यातील महागडी पिकअप कमी भार वाहते. चामडी आसने, काचेचे छत, मोठी चाके यांचे वजन वहन क्षमतेतूनच वजा होते. विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यापेक्षा दारावरची पट्टी आणि सार्वजनिक वजनकाट्याची पावती यांवर विसंबणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते. काट्यावर पुढील चाके, मागील चाके व ट्रेलरची चाके वेगवेगळी तोलता येतात.

वाऱ्याचा विरोध हे आणखी एक दुर्लक्षित अंग होय. अनेक उत्पादक पुस्तिकेच्या तळटिपेत ट्रेलरच्या दर्शनी पृष्ठाचीही मर्यादा देतात. अर्ध्या टनाच्या पिकअपसाठी ती बहुधा ६० चौ. फूट (सु. ५·६ चौ. मी.) असते. सपाट गाड्यावरील तेवढ्याच वजनाच्या यंत्रापेक्षा उंच भिंतीचा ट्रेलर महामार्गावर कितीतरी अधिक जोर मागतो. समुद्रसपाटीपासून उंच प्रदेशात हवा विरळ असल्यामुळे साध्या एंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला सु. ३ टक्के घटते. कोलोरॅडोतील सु. ३,४०० मी. उंचीवरील आयझनहौअर बोगद्याकडे चढताना ही घट जाणवते. टर्बो-भारित एंजिनांत ती बरीच भरून निघते.

यूरोपात याच समस्येचे उत्तर वेगळ्या दिशेने शोधले गेले. तेथील कॅराव्हॅन हलक्या असतात, दांडीवरील भार बहुधा १०० किग्रॅ. च्या आत ठेवतात आणि तो कमी असल्यामुळे येणारी अस्थिरता वेगमर्यादेने आवरतात, ब्रिटनमध्ये ट्रेलरसह मोटारमार्गावर ताशी ६० मैलांची (सु. ९७ किमी.) मर्यादा आहे. कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा सल्ला ब्रिटनमधील संघटना नवशिक्यांना देत आल्या आहेत. परिणामी मध्यम आकाराच्या मोटारीही तेथे ट्रेलर ओढतात. एकाच नमुन्याच्या मोटारीस यूरोपात अधिक व अमेरिकेत कमी कर्षण क्षमता दिलेली आढळते, ती याच कारणाने. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ट्रेलरसह ताशी ५५ मैलांची (सु. ८९ किमी.) मर्यादा आहे, अन्यत्र ट्रेलर इतर वाहनांच्या वेगानेच धावतात. त्यामुळे दांडीवर अधिक भार व तो पेलण्यास जड वाहन, अशी साखळी तयार झाली.

२०२२ पासून विजेवर चालणाऱ्या मोठ्या पिकअप अमेरिकी रस्त्यांवर आल्या. त्यांच्या चलित्रांचा जोर स्थिर अवस्थेपासूनच भरपूर असतो आणि जड विद्युत्‌ घटमाला तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो. ओढण्यास व सरळ राखण्यास या दोन्ही गोष्टी अनुकूल आहेत. परंतु उंच प्रवासी ट्रेलर जोडल्यावर एका भारणात कापले जाणारे अंतर जवळजवळ निम्म्यावर येते, घटमालेचे वजन वहन क्षमतेतून वजा होते आणि बऱ्याच भारण-केंद्रांवर ट्रेलर सोडून ठेवल्याशिवाय वाहन उभे करता येत नाही.